नवीन गाडीत दुपारी बसलं की लेकीला मळमळ : वास नेमका कशाचा?

मराठीच्या_बाई (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच अंदाज येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पाडव्याला आम्ही नवीन गाडी घेतली. छोटी, पेट्रोलवरची. आधीची नऊ वर्षं वापरली आणि दिरांना दिली. मी तासगावजवळच्या एका शाळेत शिकवते. मुलगी माझ्याच शाळेत पहिलीला आहे, त्यामुळे रोज आम्ही दोघीच जातो-येतो. सध्या सकाळची शाळा आहे. साडेसहाला घरातून निघतो, बाराला शाळा सुटते. गाडी मैदानाच्या कडेला उभी असते. तिथं एक कडुलिंब आहे, पण त्याची सावली नऊपर्यंतच गाडीवर राहते, मग सरकते. म्हणजे तीन तास गाडी भर उन्हात.

सकाळी जाताना काही त्रास नाही. गाणी म्हणत जाते. येताना मात्र कवठे एकंद मागं पडलं की "आई, डोकं दुखतंय" सुरू. कुमठ्यापर्यंत मळमळ. गेल्या आठवड्यात दोनदा कवलापूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन उलटी झाली. घरी पोचल्यावर अर्ध्या तासात सायकल घेऊन बाहेर. जणू काही झालंच नव्हतं.

सगळे म्हणतात, "गाडी लागत असेल." पण जुन्या गाडीतून ती आंबोलीचा घाट उतरली आहे, तेव्हा लागली नाही. आणि लागायचीच तर सकाळीही लागली असती, रस्ता तोच आहे.

दुपारी दार उघडलं की जो वास येतो तो नवीन चपलांच्या दुकानातल्यासारखा, त्यात काहीतरी गोडसर. डोळे चुरचुरतात. पुढच्या काचेवर आतून धुरकट थर बसलाय. मला वाटलं धूळ असेल, म्हणून ओढणीच्या टोकानं पुसलं, तर तेलाचा हात फिरवल्यासारखा पट्टा उमटला. दोन दिवसांत थर परत तसाच. महिनाभराच्या गाडीत आतून तेलकट काय असणार?

गाडी घेतल्यावर आम्ही काय काय घातलं तेही सांगते. रेक्झिनची सीट कव्हरं आणि खालचं जाड मॅटिंग, दोन्ही सांगलीतल्या एका दुकानातून. डॅशबोर्डला चकाकी यावी म्हणून पॉलिश. आणि मोगऱ्याच्या वासाची जेलची डबी. ती मी वास मारायला मुद्दाम ठेवली.

सासऱ्यांना दमा आहे. मागच्या पौर्णिमेला त्यांना नरसोबाच्या वाडीला घेऊन गेलो, तर जयसिंगपूर यायच्या आतच पंप घ्यावा लागला. एरवी ते एसटीनं जाऊन येतात, काही होत नाही. मुलीच्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, त्रास फक्त गाडीतच होत असेल तर आधी गाडीत काय आहे ते शोधा.

त्यात घरच्या ग्रुपवर तो बेंझीनचा मेसेज आला. उन्हात उभ्या गाडीत ४००० मिलिग्रॅम बेंझीन साठतं, कॅन्सर होतो वगैरे. रात्रभर झोप नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा, यात खरं किती? आणि उद्या दुपारी मी लेकीला त्या गाडीत बसवू की नको?

---

अजिंक्यतारा_८८ (सातारा)

ताई, घाबरू नका. माझ्याही गाडीला सुरुवातीचे तीन-चार महिने वास होता, मग आपोआप गेला. बसल्या बसल्या एसी फुल करायचा आणि आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबून ठेवायचं, दोन मिनिटांत गार होतं. मुलीला गारव्यात बरं वाटेल. मोगऱ्याऐवजी लव्हेंडर लावून बघा, तो उग्र नसतो.

---

शिवणकाम_मिरज

ताई, मी एकोणीस वर्षं मिरजेत गाड्यांची सीट कव्हरं शिवतोय. तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. त्या वासात कंपनीचा किती आणि आमच्यासारख्यांनी घातलेला किती, हे आधी बघायला पाहिजे.

रेक्झिनला आतनं फोम असतोय. तो चिकटवायला जे लागतंय त्याला आमच्या लाइनीत सुलोचन म्हणतात, म्हणजे सोल्युशन. पिवळसर, काकवीसारखं घट्ट. डबा उघडला की भसकन नाकात जातंय ते त्यातलं टोल्युइन, म्हणजे त्याला पातळ ठेवणारं सॉल्व्हंट. ब्रशनं दोन्ही अंगांना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मग दाबायचं. ही सुकवायची दहा मिनिटं हेच खरं काम आहे. पण पाडव्याला आणि दसऱ्याला दारात दहा गाड्या उभ्या असतात. गिऱ्हाईक हार घालून, पेढे घेऊन आलेलं असतंय, त्याला मुहूर्तावर गाडी घरी न्यायची असती. मग ओलंच दाबलं जातंय. वर रेक्झिन, त्यातनं हवा पार होत नाही. आतलं सॉल्व्हंट कोंडून बसतंय आणि ऊन तापलं की शिलाईच्या भोकांतनं थोडं थोडं बाहेर येतंय. महिना, दोन महिने.

तुमची गाडी पाडव्याची आहे म्हणून हे लिहिलं.

मॅटिंगचंही तसंच. ते नुसतं टाकलेलं असलं तर ठीक, पण बऱ्याच ठिकाणी कडेनं सुलोचन मारून खालच्या कार्पेटला चिकटवतात, म्हणजे पायात गोळा होत नाही. दाराच्या उंबऱ्यापाशी एक कोपरा उचलून बघा. अंगठा चिकटला तर समजा अजून सुकलेलं नाही.

काय करायचं : सगळी कव्हरं काढा, उलटी करून गच्चीवर सावलीत, वाऱ्याला आठ दिवस टांगा. उन्हात टाकू नका, रेक्झिन कडक होऊन चिरतंय. तेवढे दिवस कंपनीच्या मूळ सीटवर बसा, ती काही वाईट नसतात. आणि दुपारी परत बसून बघा. वास निम्म्यानं उतरला तर आमच्या कामाचा होता असं समजा.

अजून एक. तुमच्या पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे का बघा. असली तर सगळीकडून बंद असलेलं कव्हर तिथं चालत नाही, ती शिलाई मोकळी पाहिजे. ते विचारलं गेलं नसंल तर तेही चुकलं.

मी हे इतकं का सांगतोय? सहा-सात वर्षांमागं पावसाळ्यात एका गाडीचं छत आतनं चिकटवत होतो. बाहेर पाऊस, म्हणून शटर अर्धं खाली. गाडीत उताणा पडून काम, ब्रश तोंडाच्या वर. अर्ध्या तासानं उठलो तर पाय कुठं पडतोय कळंना. पोरगा तिथंच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर अभ्यासाला बसलेला, तोही म्हणाला डोकं गरगरतंय. त्या दिवसापासून चिकटवायचं काम बाहेर पत्र्याखाली, तोंडाला कोळशाच्या डबीचा मास्क, आणि पोरगा दुकानात नाही. पेंट दुकानात मिळणाऱ्या साध्या कापडी मास्कनं हा वास अडत नाही, तेही इथं लिहून ठेवतो, कारण माझ्या लाइनीतले कुणी वाचत असतील.

---

निवृत्त_रसायन (कराड)

बाई, आधी तुमची झोप उडवणाऱ्या मेसेजबद्दल. त्यात बेंझीनची मर्यादा "५० मिलिग्रॅम प्रति चौरस फूट" अशी दिलेली असते. हवेतला वायू चौरस फुटात मोजत नाहीत, तो घनमीटरात मोजतात. जिथं एककच चुकलंय तिथला ४००० चा आकडाही विसरून जा. बेंझीन कॅन्सरकारक आहे हे खरं. पण गाडीत ते येतं ते मुख्यतः पेट्रोलच्या वाफेतून आणि रस्त्यावरच्या धुरातून. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंतच असू शकतं. आतलं प्लास्टिक आणि गोंद यांतून जास्त येतं ते टोल्युइन, झायलीन, स्टायरीन, फॉर्माल्डिहाइड, असिटाल्डिहाइड.

तेव्हा मेसेजचे आकडे खोटे आहेत, पण त्यातला सल्ला, म्हणजे उन्हातल्या गाडीत बसण्याआधी काचा उघडा, हा बरोबर आहे.

हा विषय कुणाच्या मनाचा खेळ नाही, हे सासरच्यांनाही वाचून दाखवा. जपानच्या वाहन उत्पादक संघटनेनं २००५ मध्येच स्वतःहून १३ रसायनांची यादी घेऊन गाडीच्या आतली हवा सुधारायचं ठरवलं. चीननं २०११ च्या मानकात आठ रसायनांना मर्यादा घातली. त्यात घनमीटरमागे फॉर्माल्डिहाइड ०.१० मिलिग्रॅम, बेंझीन ०.११, टोल्युइन १.१०. जागतिक आरोग्य संघटनेचा घरातल्या हवेसाठी फॉर्माल्डिहाइडचा आकडाही अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ च आहे. तपासणी कशी करायची यासाठी २०१२ पासून आयएसओ १२२१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते गाडी तीन अवस्थांत तपासायला सांगतं : नेहमीच्या तापमानाला बंद, उन्हात उभी असल्यासारखी तापवून, आणि मग इंजिन-एसी चालू करून. दुसरी अवस्था मुद्दाम का ठेवली असेल, हे तुमच्या लेकीनं तुम्हाला सांगितलंच आहे. सकाळी गाणी, दुपारी उलटी.

उन्हात गाडी किती झपाट्यानं तापते यावर अमेरिकेत २००५ मध्ये मोजमापं झाली. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तासगावला बाहेर ३९ असेल तर आत ६० धरा, आणि काचेखालचा काळा डॅशबोर्ड त्याहून तापलेला. तापमान वाढलं की ही सगळी द्रव्यं वेगानं हवेत येतात. तुमची गाडी तीन तास हेच करत असते, दारं बंद ठेवून.

काचेवरचा तेलकट थर : रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक असतं, मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट जातीची तेलं मिसळतात. तापल्यावर ती उडतात आणि गार झालेल्या काचेवर जमतात. तुमच्या ओढणीला लागलं ते हेच असण्याचा संभव मोठा. काच पुसत चला. डॅशबोर्ड आणि सीटवरची धूळही ओल्या फडक्यानं पुसा, कारण ही द्रव्यं धुळीला चिकटतात आणि मुलांचे हात तोंडात जातात. पॉलिश बंद. त्यातही सॉल्व्हंटच असतं.

मोगरा, लव्हेंडर, लिंबू, काहीही असो, डबी काढून टाका. सुगंधी जेल मूळचा वास कमी करत नाही, त्यात भर घालते. लिंबाच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मालडिहाइड तयार करतं. म्हणजे वास मारायला ठेवलेली डबी तेच जास्त करते. दम्याच्या माणसासाठी तर अजिबात नको.

साताऱ्याच्या बंधूंनी प्रेमानं सांगितलंय, पण आतली हवा आतच फिरवण्याचा सल्ला या घडीला उलटा आहे. गाडीतली दूषित हवा आधी बाहेर घालवायची, मग गार करायचं. आणि नुसत्या श्वासाचा हिशेब बघा. छोट्या गाडीत साधारण ३००० लिटर हवा. एक मोठं माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, चौघांचे ८०. दहा मिनिटांत १३ लिटर झाले. गाडी पूर्ण हवाबंद असती तर ४४०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४४०० भाग, बाहेरच्या हवेच्या दसपट. प्रत्यक्षात फटींतून हवा बदलते म्हणून कमी होतं, तरी डोकं जड व्हायला आणि चालवणाऱ्याला पेंग यायला पुरेसं. ट्रकच्या मागं धुरात अडकलात तर बटण दाबा, मोकळा रस्ता लागला की काढा.

उद्यापासून असं करून बघा : चारही दारं दोन-तीन मिनिटं सताड उघडी, तोवर मुलगी सावलीत. पहिला किलोमीटर काचा खाली, पंखा जोरात. मग काचा बंद, एसी चालू, पण बाहेरची हवा आत येईल असा. रात्री घराच्या आवारात, गेटला कुलूप असेल तर, काचा उघड्या ठेवा. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, कोळशाचा मिळतो तो बसवा. टोल्युइन-झायलीनला त्याचा चांगला उपयोग होतो, फॉर्मालडिहाइडला कमी.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, सगळ्यांनीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकेदुखी-मळमळ त्यानंही होते. सायलेन्सर गळत असेल, डिकीचं रबर फाटलं असेल तर तो आत येतो. नवीन गाडीत शक्यता कमी, पण पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलून एक्झॉस्टचे जोड बघायला सांगा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, कधीच नाही.

जाता जाता विचारतो. तुम्ही "गोडसर" वास म्हणालात. बॉनेटमध्ये किंवा डिकीत कुणी काही ठेवलंय का?

---

मराठीच्या_बाई

सर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि ह्यांना विचारलं. हे गप्प. मग म्हणाले, "उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवल्यात."

आमच्या बाजूच्या दोन प्लॉटवर रान आहे आणि पलीकडे ऊस. तोड झाली की उंदीर घरांकडे येतात. जुन्या गाडीची वायर त्यांनी दोनदा कुरतडली होती, त्याचा धसका. म्हणून गाडी आली त्याच आठवड्यात ह्यांनी बंदोबस्त केला, मला सांगायचं राहून गेलं.

रात्री टॉर्च लावून बॉनेट उघडलं. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्या आतल्या बाजूला, तारेनं बांधलेली एक पुरचुंडी. माझ्याच जुन्या सुती ओढणीचा तुकडा. सोडली तर आत बारा गोळ्या. ठेवताना लिंबोळीएवढ्या होत्या म्हणाले, आता हरभऱ्याएवढ्या झाल्यात. पुरचुंडी हातात घेतली आणि तोच वास. दुपारचा गोडसर वास.

झिजलेला भाग कुठं गेला, हा विचार करून माझ्या पोटात गोळा आला.

---

निवृत्त_रसायन (कराड)

बाई, वायपरखालची ती जाळी म्हणजेच एसीला बाहेरची हवा घ्यायची वाट. यजमानांना बोल लावू नका, बॉनेटमध्ये रिकामी जागा नेमकी तिथंच दिसते आणि हा उपाय घरोघरी करतात. पण गोळ्या बरोबर नाकपुडीत ठेवल्यासारखं झालं.

आपल्याकडच्या डांबरगोळ्या बहुतेक नॅप्थलीनच्या. तो वितळायच्या आधीच, घन अवस्थेतूनच थेट वाफ होतो, म्हणून गोळ्या झिजल्या. बॉनेट तापलं की वेग वाढतो. डोकेदुखी, मळमळ, उलटी ही त्याची नेहमीची लक्षणं. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या मुलांमध्ये नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून "महिनाभर डांबरगोळ्यांचा वास जात होता" एवढं स्पष्ट सांगा. लघवीचा रंग गडद, चेहरा फिका, डोळे पिवळसर, असं काही दिसलं तर फोनवर थांबू नका, घेऊन जा.

केबिन फिल्टर मात्र आता बदलाच. त्यानं महिनाभर हेच शोषलंय.

---

सावळजचा_बागायतदार

बाई, तुमच्या शाळेच्या बाजूचाच आहे. डिकीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्याकडं प्रत्येक गाडीच्या डिकीत औषधं असतात. दुकानातनं बागेत, बागेतनं घरी. दोन वर्षांमागं कीटकनाशकाची अर्ध्या लिटरची बाटली आडवी झाली, बूच नीट बसलं नव्हतं. डिकी म्हणजे वेगळी खोली, असं मी समजत होतो. मागची सीट आणि डिकी यांच्यात फक्त एक पुठ्ठा आणि फोम असतो, हे मला त्या दिवशी कळलं. घरातली चारही माणसं तासगावला लग्नाला निघालो होतो, मणेराजुरीच्या आधीच आईला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढं धुरकट दिसाय लागलं. सरळ दवाखाना गाठला, वेळेत गेलो म्हणून निभावलं.

नंतर कार्पेट पाचदा साबणानं धुतलं. वास जाईना. शेवटी कार्पेट उचललं तर खाली कापसासारखं काळं जाड असतं, ते औषध पिऊन बसलं होतं. सगळं उपटून जाळायचं नाही, हेही सांगतो, तो धूर अजून वाईट. मी पोत्यात बांधून बाजूला ठेवलं आणि पत्रा तसाच उघडा ठेवून सहा महिने गाडी वापरली.

आता औषधं मोटारसायकलला मागं क्रेट बांधून नेतो. चारचाकीत नाही.

बेदाण्याचंही तसंच. गंधकाची ताजी धुरी दिलेले बॉक्स बंद गाडीत घातले की घसा धरतो. दम्याच्या माणसाला तर तो वायू सोसतच नाही. तुम्हाला शाळेत कुणी पालक प्रेमानं पाच किलो देतील, ते घेताना विचारा धुरी कधी दिली. मागच्या पौर्णिमेला सासऱ्यांबरोबर डिकीत बेदाणा होता का?

---

कास_रोड (सातारा)

ताई, नवीन गाडीला हे लागू नाही, पण दिरांना दिलेल्या जुन्या गाडीसाठी सांगते. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटात ओल्या पायपुसण्यासारखा वास येत असेल तर तो बुरशीचा. आमच्याकडे पावसाळा चार महिने गाडीतच राहतो. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, आतली जाळी सुकते. माझ्या मुलाची सकाळची शिंकांची माळ यानं थांबली. फिल्टर काढला तेव्हा त्यात निलगिरीची पानं कुजलेली होती.

---

मराठीच्या_बाई

तीन आठवडे झाले. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

आधी मुलगी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे. हा कागद हातात येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

बागायतदार दादा, तुमचा प्रश्न वाचून सासऱ्यांना विचारलं. डिकीत बेदाणा नव्हता. पण ते वाडीला पुढं, पंख्याच्या झोताच्या अगदी समोर बसले होते.

पुरचुंडी त्याच रात्री काढली. कव्हरं दुसऱ्या दिवशी. दुकानदार आधी म्हणाला, "सगळ्यांच्याच गाडीला येतो वास." मी वाद घातला नाही. मॅटिंगचा कोपरा उचलून त्याचाच अंगठा खाली टेकवला. चिकटला. महिना उलटून गेल्यावरही ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढे दोन काळे ओले डाग होते, त्यावर माझ्या चपलेच्या टाचेचा ठसा. मग त्यानं स्वतःच सगळं उपसलं, खालचं कार्पेट पुसून दिलं. कापडी कव्हरं शिवून घेतली, वरचे पैसे मी भरले. एअरबॅगची शिलाई मोकळी ठेवली आहे, शिवणकाम दादा, ते आवर्जून बघितलं. वायपरखालच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी बसवली, उंदरांसाठी तेवढंच. आणि बाजूच्या प्लॉटवरचं रान काढून घेतलं.

दुपारी शाळा सुटली की मी चारही दारं उघडते आणि लेक कडुलिंबाखाली उभी राहून दोनशेपर्यंत मोजते. मोठ्यानं. एकशे एकोणीसनंतर एकशे दहावीस म्हणायची, ते या तीन आठवड्यांत सुटलं. त्यानंतर उलटी एकदाही नाही. डोकं एकदा दुखलं, निकालाच्या दिवशी. मी घाईत होते, दारं उघडून थांबले नाही, तशीच बसवली. काचेवरचा थर अजून येतो, पण आता आठवड्यानं, आणि पातळ. सासरे परवा वाडीला जाऊन आले. काच अर्धी खाली. पंप खिशातच राहिला.

आता एक नवीन काळजी. आमच्या शाळेला मुलं आणणारी एक व्हॅन आहे. तिच्या सीटा गेल्याच महिन्यात रेक्झिननं नव्यानं मढवल्या. दुपारी तीसुद्धा मैदानात उन्हात उभी असते आणि मग अकरा मुलं दाटीवाटीनं बसतात. काल मी दार उघडून आत डोकावले, तोच चपलांच्या दुकानाचा वास. व्हॅनवाले काका गरीब आहेत, सगळं परत करा म्हणायचं धाडस होत नाही. शिवणकाम दादा, मढवलेलं असल्यामुळे काढून टांगता येणार नाही ना? शाळेला सुट्ट्या लागल्या आहेत, तेवढ्यात काय करता येईल?

---

शिवणकाम_मिरज

मढवलेलं काढू नका, फाटंल आणि काकांना परत खर्च. सीटांच्या खालनं चार-चार बोल्ट असतात, सीट अख्खी बाहेर येती. सुट्टीभर त्या सीटा वऱ्हांड्यात उलट्या घालून ठेवा, तळाचं कापड स्टेपल काढून मोकळं करा म्हणजे फोमला खालनं वारा लागंल. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी व्हॅन आणि सीटा घेऊन काकांना माझ्याकडं पाठवा. बसवून, तळ परत शिवून देतो. मजुरी नको. बिनबोल्टाची सीट घेऊन गाडी चालवू नका म्हणावं, येताना टेंपोतनं आणा.